रक्त आणि लसिकाग्रंथींतील छुपा कर्करोग: रेण्वीय शोधाचा इतिहास

तोंडाचा कर्करोग लवकर लक्षात आला, जिभेवरची किंवा गालाच्या आतली गाठ काढायचे ठरले, पण मान चाचपून पाहिली तर हाताला काही लागत नाही. अशा रुग्णाच्या मानेतील लसिकाग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की वाट पाहावी? अनेक दशके चाललेल्या या वादाचे सर्वांत ठोस उत्तर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातून आले. डॉ. अनिल डिक्रुझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 ते 2014 या काळात 596 रुग्णांची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली. पहिल्या 500 रुग्णांचे निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथी आधीच काढलेल्या गटात तीन वर्षांनी 80 टक्के रुग्ण हयात होते, तर वाट पाहिलेल्या गटात 67.5 टक्के.

या आकड्यांना दुसरी बाजू आहे. आधीच काढलेल्या ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा सुमारे 30 टक्के रुग्णांच्याच ग्रंथींत कर्करोग सापडला. म्हणजे दहांतल्या सात जणांच्या ग्रंथींत काहीच सापडले नाही, आणि अशा शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडणे, हात पूर्ण वर न जाणे हे त्रास मागे राहू शकतात. ते सात कोण, हे आधीच कळले असते तर? छुप्या पेशी शोधण्याच्या खटाटोपाचे मोल या प्रश्नात आहे.

शोधाची सुरुवात बरीच जुनी आहे. 1869 मध्ये मेलबर्न येथे थॉमस अ‍ॅशवर्थ यांना कर्करोगाने मृत्यू पावलेल्या रुग्णाच्या रक्तात त्याच्या गाठींतल्यासारख्याच पेशी दिसल्या. 1889 मध्ये लंडनच्या स्टीफन पॅजेट यांनी स्तनाच्या कर्करोगाने झालेल्या 735 मृत्यूंच्या नोंदी तपासून बी आणि माती यांची उपमा मांडली: बी सगळीकडे उडते, पण रुजते ते मानवेल त्या मातीतच. ही उपमा ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

त्यानंतर शंभर वर्षे मुख्य साधन सूक्ष्मदर्शकच राहिले, आणि त्याची अडचण साध्या भागाकाराने समजते. एक सेंटिमीटरच्या ग्रंथीचे 5 मायक्रोमीटर जाडीचे काप केले तर 2000 काप होतील. विकृतिशास्त्रज्ञ त्यांतले मोजकेच पाहतो. रक्ताचे गणित आणखी अवघड. 7.5 मिलिलिटर रक्तात साधारण 3,750 कोटी तांबड्या आणि सुमारे 5 कोटी पांढऱ्या पेशी असतात, आणि त्यांत शोधायच्या पाच-दहा पेशी. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल: गोंगाटातून क्षीण संकेत वेगळा काढायचा आहे.

1980 च्या दशकात पीसीआर आले. दर फेरीला डीएनएच्या प्रती दुप्पट होतात, म्हणजे 30 फेऱ्यांत एका प्रतीच्या, निदान कागदावर, 107 कोटी होतात. 1991 मध्ये ब्रिटिश संशोधकांनी हे तंत्र मेलानोमाच्या रुग्णांच्या रक्तावर वापरले. टायरोसिनेज हे विकर रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींत तयार होते आणि अशा पेशी एरवी रक्तात फिरत नाहीत. तेव्हा रक्तात त्याचा संदेशवाही आरएनए सापडला, तर तो गाठीतून आला असणार.

युक्तिवाद बिनतोड वाटतो. स्तनाच्या कर्करोगासाठी केराटिन-19 हे जनुक निवडले, तेव्हा मात्र निरोगी माणसांचे नमुनेही 'पॉझिटिव्ह' येऊ लागले. या जनुकाच्या निकामी नकला आपल्या जनुकसंचात आहेत, आणि नमुन्यात थोडा डीएनए राहिला तर त्याही वाढतात. रक्तपेशीही क्वचित नको ते जनुक किंचित वाचतात. सुईबरोबर कातडीच्या दोन-चार पेशी आल्या तरी पुरे. म्हणून अशा तपासणीत रक्ताची पहिली नळी टाकून देण्याची पद्धत पडली. प्रवर्धक गोंगाटही तितकाच वाढवतो, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या माणसाला वेगळे सांगायला नको.

उत्तर होते उंबरठा ठरवणे. जपानमध्ये विकसित झालेल्या 'ओस्ना' पद्धतीत ग्रंथी घोटून केराटिन-19 च्या आरएनएच्या प्रती मोजतात. एका मायक्रोलिटरमध्ये 250 च्या खाली असल्यास ग्रंथी निर्दोष, 5000 च्या वर असल्यास मोठा प्रसार. रक्तासाठी 'सेलसर्च' यंत्राने प्रतिपिंड लावलेल्या लोहकणांनी पेशी धरून चुंबकाने ओढल्या. 2004 च्या अभ्यासात पसरलेल्या स्तनाच्या कर्करोगाच्या 177 रुग्णांत 7.5 मिलिलिटरमागे पाच किंवा अधिक पेशी असलेल्यांचा आजार मध्यकाने 2.7 महिन्यांतच वाढला, इतरांचा 7 महिन्यांनी. चुंबकीय कणांचे हेच तत्त्व वापरून पुण्याच्या अ‍ॅक्टोरियस कंपनीने 'ऑन्कोडिस्कव्हर' चाचणी तयार केली.

पण भाकीत करता येणे वेगळे आणि उपचार बदलून फायदा होणे वेगळे. 2014 च्या अमेरिकी चाचणीत पहिल्या फेरीनंतरही पेशी कमी न झालेल्या 123 रुग्णांपैकी निम्म्यांचे औषध लगेच बदलले. त्यांचे आयुष्य वाढले नाही. त्याआधी 2011 मध्ये आणखी बोलका निष्कर्ष आला होता. 'निर्दोष' ठरवलेल्या ग्रंथी पुन्हा बारकाईने तपासल्या, तर 15.9 टक्के स्त्रियांत छुपा प्रसार निघाला. पण पाच वर्षांनी हयात असण्याचे प्रमाण त्यांच्यात 94.6 टक्के आणि इतरांत 95.8 टक्के. पॅजेट यांची माती इथे आठवावी. सापडलेली प्रत्येक पेशी रुजतेच असे नाही.

मी राहतो त्या दिल्लीच्या सरोजिनी नगरजवळ मोठी सरकारी रुग्णालये आहेत, आणि बाहेरगावचे रुग्ण फुटपाथवर पथारी टाकून पुढच्या तारखेची वाट पाहतात. आणखी एक चाचणी म्हणजे त्यांच्यासाठी आणखी काही रात्री तिथेच. त्यामुळे माझ्या मते चाचणीची खरी परीक्षा तिने किती सूक्ष्म पाहिले ही नसून तिने कोणाचे काय वाचवले ही आहे.

त्या परीक्षेला उतरलेले उदाहरण 2022 चे आहे. ऑस्ट्रेलियातील अभ्यासात दुसऱ्या टप्प्यातील मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या 455 रुग्णांपैकी एका गटाची केमोथेरपी रक्तातील गाठीच्या डीएनएवरून ठरवली. त्या गटात 15 टक्के रुग्णांना औषध द्यावे लागले, नेहमीच्या निकषांच्या गटात 28 टक्के. तरी दोन वर्षांनी आजार न उलटलेल्यांचे प्रमाण जवळपास सारखेच होते, 93.5 आणि 92.4 टक्के.

मानेच्या बाबतीतही वाट निघते आहे. गाठीतला द्रव प्रथम ज्या एक-दोन ग्रंथींत पोचतो तेवढ्याच काढून तपासायच्या आणि त्यात कर्करोग निघाला तरच बाकीच्या काढायच्या. फ्रान्समध्ये 2020 आणि जपानमध्ये 2021 साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत असे केल्याने रुग्णांच्या जगण्यात उणेपणा आला नाही.