दुखणे एकाचे, देणे साऱ्या घराचे
आजारपणाच्या कर्जातून वाट काढताना कोणते दरवाजे ठोठवावेत?

प्रतिनिधी

घरातील कमावत्या व्यक्तीला कर्करोग, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार जडला, की त्या घरावर दोन संकटे एकाच वेळी कोसळतात. औषधोपचारांचा खर्च सुरू होतो आणि मिळकत थांबते. घरात शाळकरी मुले असतील तर फी, घरभाडे, किराणा यांपैकी काहीच थांबत नाही. मग दागिने मोडले जातात, नातेवाइकांकडे उसनवारी होते आणि अखेरीस सावकाराचे दार गाठावे लागते. राष्ट्रीय आरोग्य लेख्यानुसार २०१३-१४ मध्ये देशातील एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के खर्च लोक स्वतःच्या खिशातून करीत होते. २०२१-२२ मध्ये हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. प्रमाण घटले खरे. पण ज्या घरात मोठे दुखणे शिरते, त्या घराला या सरासरीचा दिलासा मिळत नाही.

या संकटात उपलब्ध असलेल्या सवलती कमी नाहीत. अडचण असते ती क्रमाची. बहुतेक कुटुंबे आधी कर्ज काढतात आणि योजनांची चौकशी नंतर करतात. बहुतांश योजनांमध्ये मात्र एकदा भरलेले पैसे परत मिळत नाहीत. म्हणून निदान हाती आल्यानंतरचे पहिले काही दिवस महत्त्वाचे ठरतात.

पहिला दरवाजा : जनआरोग्य योजना

राज्यात २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये ती सर्वत्र लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना हे नाव मिळाले. पूर्वी तिची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला दीड लाख रुपये होती. केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी सांगड घातल्यानंतर ती ५ लाखांवर गेली आणि १ जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेच्या रंगाची अट न ठेवता राज्यातील सर्व कुटुंबांसाठी ती खुली करण्यात आली.

योजनेत समाविष्ट असलेल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नेमलेला असतो. दाखल होण्यापूर्वी किंवा दाखल होताच त्याला भेटून शिधापत्रिका आणि आधार कार्ड दाखवावे. केमोथेरपी, डायलिसिस, हृदयावरील शस्त्रक्रिया असे अनेक उपचार यादीत आहेत. यादीतील उपचारासाठी मान्यता मिळाल्यावर रुग्णालयाला त्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेता येत नाहीत. मात्र बाह्यरुग्ण विभागातील नेहमीची औषधे आणि तपासण्या बहुधा या कक्षेबाहेर राहतात. म्हणून 'योजना मंजूर झाली' एवढ्यावर निर्धास्त न होता, काय बसते आणि काय बसत नाही, हे विचारून घ्यावे. चौकशीसाठी १५५३८८ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

दुसरा दरवाजा : धर्मादाय रुग्णालये

मोठमोठ्या नावांची अनेक खासगी रुग्णालये प्रत्यक्षात धर्मादाय न्यासांची आहेत, हे रुग्णांना ठाऊकच नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक नुसार या रुग्णालयांवर गरीब रुग्णांबाबत बंधने आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये त्यासाठी योजना आखून दिली. तीनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांना सवलतीच्या दरात देणे बंधनकारक आहे. यासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम 'निर्धन रुग्ण निधी'त जमा करायची असते. तातडीच्या प्रसंगी अनामत रकमेसाठी अडवून न ठेवता रुग्णाला दाखल करून घेणे, हेही त्यांचे कर्तव्य आहे.

उत्पन्नाची मर्यादा मूळ योजनेत फार कमी होती. ती वेळोवेळी वाढत गेली आणि निर्धन रुग्णांसाठी वार्षिक १ लाख ८० हजार, तर दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार रुपयांपर्यंत आली. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका हा पुरावा लागतो. अर्ज रुग्णालयातील वैद्यकीय समाजसेवकाकडे लेखी द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. 'खाटा शिल्लक नाहीत' असे उत्तर मिळाल्यास धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे दाद मागता येते. आजारपणामुळे नोकरी गेली असेल तर जुना दाखला उपयोगाचा नसतो. घटलेल्या उत्पन्नाचा नवा दाखला काढणे हे पहिल्याच आठवड्यात उरकण्याचे काम होय.

याखेरीज मुख्यमंत्री सहायता निधी आणि पंतप्रधान राष्ट्रीय सहायता निधी यांतूनही गंभीर आजारांसाठी मदत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे खर्चाचे अंदाजपत्रक लागते. शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर धावपळ करण्यापेक्षा अंदाजपत्रक मिळताच अर्ज करणे श्रेयस्कर.

देयक तपासण्याचा हक्क

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्क सनदेत १७ हक्क नमूद आहेत. तपशीलवार देयक मागणे, औषधे आणि तपासण्या कोठून घ्यायच्या हे स्वतः ठरवणे, देयकाच्या वादावरून रुग्णाला अडकवून न ठेवणे, यांचा त्यात समावेश आहे. देयकातील प्रत्येक ओळ वाचावी. न वापरलेल्या वस्तू आणि दोनदा लावलेले आकार यांवर लेखी हरकत घ्यावी. डॉक्टरांना जेनेरिक औषधाचे नाव लिहून देण्याची विनंती करावी आणि ते जनऔषधी केंद्रात विचारावे. उरलेली रक्कम एकरकमी भरता येत नसेल तर रुग्णालयाकडे हप्ते मागण्यात कमीपणा नाही. बिनव्याजी हप्ता हा व्याजाच्या कर्जापेक्षा केव्हाही परवडतो.

नोकरदारांसाठी

कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्या कामगाराला आजारपणाच्या काळात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. कर्करोग, क्षयरोग यांसारख्या ठरावीक ३४ दीर्घ आजारांत पात्र कामगाराला ८० टक्के दराने दोन वर्षांपर्यंत भत्ता मिळू शकतो. हा हक्क टिकवायचा तर राजीनामा देण्याची घाई करू नये. भविष्य निर्वाह निधीतूनही आजारासाठी रक्कम काढता येते. परंतु हा निधी देणेकऱ्यांना जप्त करता येत नाही, हे ध्यानात घेऊन तो सर्वांत शेवटी वापरावा.

कर्ज काढावेच लागले तर

महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार परवान्याशिवाय सावकारी करणे हा गुन्हा असून त्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. परवानाधारक सावकारालाही मनमानी व्याज आकारता येत नाही. शेतकऱ्यांसाठी तारण कर्जावर वार्षिक ९ टक्के व विनातारण कर्जावर १२ टक्के, तर इतरांसाठी अनुक्रमे १५ व १८ टक्के असे कमाल दर २०१४ मध्ये ठरवण्यात आले. व्याजापोटी मुद्दलापेक्षा अधिक रक्कम वसूल करता येत नाही. 'दामदुप्पट' या जुन्या नियमाचा अर्थ तोच. महिना पाच किंवा दहा टक्क्यांनी पैसे देणारा इसम कायद्याबाहेर आहे. त्याच्याविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. कोऱ्या कागदावर सही आणि कोरा धनादेश मात्र कोणालाही देऊ नये. कर्ज थकणे ही दिवाणी बाब असली, तरी धनादेश न वटणे हा गुन्हा आहे.

बँकेचे हप्ते थकण्याची चिन्हे दिसताच वैद्यकीय कागदपत्रांसह शाखेत जाऊन मुदतवाढ किंवा पुनर्रचना मागावी. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या सूचनांनुसार वसुली प्रतिनिधींना सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर दूरध्वनी करता येत नाही. धमक्या आल्यास आधी बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि ३० दिवसांत निवारण न झाल्यास बँकिंग लोकपालाकडे जावे.

मुलांचे काय?

राज्याच्या क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेत अनाथांप्रमाणेच, पालक दुर्धर आजाराने ग्रासलेल्या मुलांचाही विचार होतो. मासिक अनुदान २०२३ मध्ये ११०० रुपयांवरून २२५० रुपये झाले. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे करायचा असून निर्णय बालकल्याण समिती घेते. अत्यल्प उत्पन्नाच्या रुग्णांना संजय गांधी निराधार अनुदान योजनेचाही आधार आहे. शाळेच्या मुख्याध्यापकांना परिस्थिती वेळीच सांगितल्यास फीची सवलत वा मुदत मिळण्याची शक्यता असते. न सांगितल्यास ती शक्यताच उरत नाही.

उपचारांसाठी मुंबईत येणाऱ्या परगावच्या कुटुंबांचा मोठा खर्च राहण्याजेवणाचा असतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती यांनी वर्षानुवर्षे ही सोय केली आहे. कर्करुग्ण व त्यांच्या सोबत्याला रेल्वे प्रवासात मोठी सवलत आहे.

कर्ज मुलांच्या माथी येते का?

अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांना सर्वाधिक छळणारा प्रश्न हाच. पूर्वी हिंदू कायद्यात वडिलांचे ऋण फेडणे हे पुत्राचे धार्मिक कर्तव्य मानले जाई. ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या हिंदू उत्तराधिकार सुधारणा अधिनियमाने, त्यानंतरच्या कर्जांसाठी केवळ या कर्तव्याच्या आधारे मुलाकडून वसुली करण्याची वाट बंद केली. वारसांची जबाबदारी वारशाने मिळालेल्या मालमत्तेपुरतीच असते. मात्र कर्जाच्या कागदावर सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून ज्याने सही केली, तो पूर्णतः बांधील राहतो. म्हणून सज्ञान मुलाची किंवा पत्नीची सही घेण्यापूर्वी दहादा विचार करावा.

पतीने स्वतःच्या आयुष्याचा विमा पत्नी व मुलांच्या नावे १८७४ च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ताविषयक कायद्यानुसार उतरवलेला असेल, तर ती रक्कम सावकारांच्या हाती लागत नाही. बँक खाती, विमा आणि भविष्य निर्वाह निधी यांवरील वारसनोंद तपासणे, मृत्युपत्र करणे आणि त्यात अज्ञान मुलांचा पालक नेमणे ही कामे अशुभ नव्हेत. मृत्युपत्र साध्या कागदावर, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी करता येते. त्याला मुद्रांकाची किंवा नोंदणीची सक्ती नाही.