सेगावची पत्रे आणि अर्ध्या आण्याचे तीन रंग

१/ पाकिटावरील शिक्का पुसट झालेला असावा आणि आतील पत्रावर तारीख नसावी, अशा वेळी अभ्यासकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो कालनिर्णयाचा. येथे टपाल तिकिटाचा रंग साक्षीदार ठरतो. मात्र त्याची उलटतपासणी आवश्यक असते. वर्धा जिल्ह्यातील एक उदाहरण पाहू.

२/ ३० एप्रिल १९३६ रोजी महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेगाव या खेड्यात राहावयास आले. त्यांचा पत्रव्यवहार अफाट होता. नामसाधर्म्यामुळे त्यांची पत्रे व तारा वऱ्हाडातील शेगावकडे जात. हा घोळ मिटावा म्हणून मार्च १९४० मध्ये सेगावचे ‘सेवाग्राम’ झाले.

३/ त्याच सुमारास अर्ध्या आण्याच्या तिकिटाचा रंगही पालटत होता. पंचम जॉर्जच्या अखेरच्या वर्षांत ते हिरवे होते. १९३७ मध्ये सहाव्या जॉर्जचे तांबूस तपकिरी तिकीट आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नव्या आराखड्यात ते जांभळे झाले. तिन्हींची छपाई नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमधली.

४/ आता समजा, पत्राच्या माथ्यावर ‘सेगाव’ आहे आणि पाकिटावर जांभळे तिकीट. येथे थांबलेच पाहिजे. एक तर लिहिणाऱ्याने सवयीने जुने नाव लिहिले असेल, नाहीतर पत्र एका काळाचे आणि पाकीट दुसऱ्या काळाचे असेल.

५/ उलट अनुमान मात्र टिकत नाही. तपकिरी तिकीट दिसले म्हणून पत्र १९४० पूर्वीचे ठरत नाही, कारण शिल्लक तिकिटे नंतरही वापरात राहतात. रंग काळाची अलीकडची नव्हे, केवळ पलीकडची मर्यादा सांगतो: याच्या आधीचे हे नव्हे.

६/ रंगही मूळचा आहे ना, हे पाहावे लागते. उन्हाने पिवळा अंश उडाला की हिरवा निळसर भासतो. शिसेयुक्त लाल-नारिंगी शाई हवेतील गंधकाने काळवंडते. कागद पिवळा पडला की प्रत्येक छटा मळकट दिसते. शिवाय एकाच तिकिटाच्या निरनिराळ्या छपायांत शाई कमीअधिक गडद उतरते.

७/ म्हणून छटेच्या नावावर विसंबू नये. एकाला जे तांबूस तपकिरी वाटते, ते दुसऱ्याला विटकरी वाटते. स्पष्ट तारखेचा शिक्का असलेले तिकीट शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात, थेट ऊन टाळून तुलना करावी. पिवळ्या दिव्याखाली किंवा मोबाइलच्या पडद्यावर हा निवाडा होत नाही.

८/ घरात जुनी पत्रे असतील तर एवढेच करा: तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका. अल्बममध्ये तिकीट राहील, पण गावाचे नाव, शिक्का आणि हस्ताक्षर यांच्यापासून ते तुटेल. एकट्या रंगाला काळ सांगता येत नाही. तो या सोबत्यांच्या आधारानेच बोलतो.