खाऱ्या पाण्यातलं बीड

कोकणातून परत आलेली ती केसिंग मला अजून आठवते. खाडीचं पाणी कोळंबीच्या तळ्यात चढवायला आम्ही पंप दिला होता, तो दीड वर्षात बसला. वरून बघावं तर आकार जसाच्या तसा, कुठं चीर नाही, भोक नाही. आमच्या मिस्त्रींनी खिशातला चाकू काढून कडेला टेकवला, तशी पेन्सिलीच्या शिशासारखी काळी भुकटी पडली. लोखंड पाण्याबरोबर निघून गेलं होतं. मागं ग्राफाइटचा सांगाडा राहिला होता. पलूसकडच्या एका लहान फाउंड्रीत मी उमर साचे करण्यात घालवली, पण बीड, म्हणजे ओतीव लोखंड, असं आतून मरतं हे त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आमच्या भागाला बीड शिकवलं किर्लोस्करवाडीनं. 1910 साली कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगानं भरलेल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्कर आले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी 32 एकर जमीन आणि दहा हजार रुपये बिनव्याजी दिले. पहिल्या महायुद्धात कच्चं लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले गेले. 1926 साली पंप आला. नांगर मातीत चालायचा, पंप विहिरीच्या नाहीतर कृष्णेच्या गोड पाण्यात. तिथं बिडाला तोड नव्हती. ओतायला सोपं, किमतीला परवडणारं, आणि वर धरलेला गंजाचा थरच आतल्या धातूला सांभाळायचा.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागं सुमारे 35 ग्रॅम मीठ असतं. ते हा थर टिकू देत नाही. मग लोक पितळेकडं वळतात, आणि तिथं दुसरा फटका बसतो: पितळेतलं जस्त विरघळून जातं, उरतं ते लालसर, स्पंजासारखं तांबं. बोटानं दाबलं तरी कडा तुटते. म्हणून खाऱ्या पाण्याला कथील घातलेलं गनमेटल. शंभर भागांत 88 तांबं, 10 कथील, 2 जस्त. नाव तोफेवरूनच पडलेलं.

धातू एकटा कधीच नसतो, त्याला शेजारी असतो; खाऱ्या पाण्यात दोघं जोडलेले असले की एक झिजतो नि दुसरा वाचतो. बिडाच्या मोठ्या घरात, म्हणजे केसिंगमध्ये, गनमेटलचा लहान इम्पेलर (पाणी फेकणारं चाक) चालतो, कारण झीज मोठ्या अंगावर वाटली जाते. गनमेटलच्या घराला साधे लोखंडी बोल्ट लावले, तर मात्र सगळी झीज त्या बोल्टांवर येते. 1824 मध्ये हम्फ्री डेव्हीनं जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंडाचे नि जस्ताचे तुकडे जोडून हेच तत्त्व वापरलं. तांबं वाचलं, पण विरघळणारं तांबंच शंख-शिंपल्यांना दूर ठेवत होतं, त्यामुळं तळाला ते दाट चिकटले. स्टेनलेसवरही डोळे मिटून विसंबू नये. 304 जातीच्या स्टीलला साचलेल्या खाऱ्या पाण्यात बारीक खड्डे पडतात. मॉलिब्डेनम असलेलं 316 जास्त टिकतं, तरी फटींत तेही हरतं.

हे सगळं कोकणाचं दुखणं आहे असं मला वाटायचं. आज कृष्णाकाठी, मिरज-वाळवा-पलूसच्या उसाच्या रानांत, अति पाण्यानं जमीन क्षारपड झालीय. जिथं बोअरचं पाणी जिभेला खारट लागतं, तिथं आजोबांच्या काळचं बीड पुरं पडणार नाही. समुद्राइतकं मीठ नसलं तरी झीज तीच, फक्त सावकाश.

तेव्हा शेतकरी भावांनो, पंप घेण्याआधी पाणी तपासून घ्या. आणि दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या: घर कशाचं, इम्पेलर कशाचा, बोल्ट कशाचे.