अंडे शिजले, माणूस नाही

23 जानेवारी 1774 रोजी लंडनमध्ये डॉ. जॉर्ज फोर्डाइस यांनी मुद्दाम तापवलेल्या एका खोलीत चार पाहुणे शिरले. जोसेफ बँक्स आणि डॅनिएल सोलँडर हे दोघे कॅप्टन कुकबरोबर पृथ्वीप्रदक्षिणा करून आलेले निसर्गशास्त्रज्ञ, तिसरे आरमारातले कॅप्टन फिप्स आणि चौथे चार्ल्स ब्लॅग्डन नावाचे तरुण डॉक्टर. पुढे एप्रिलमध्ये खोलीचा पारा 260 अंश फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे 127 सेल्सिअसवर नेण्यात आला. ब्लॅग्डन त्या हवेत आठ मिनिटे थांबले. त्याच खोलीत पत्र्याच्या चौकटीवर ठेवलेली अंडी वीसेक मिनिटांत कडक झाली. मांसाचा तुकडा पाऊण तासात कोरडा पडला आणि दुसऱ्यावर भात्याने वारा घातला, तर तो तेराच मिनिटांत शिजला. एका कुत्रीलाही टोपलीत बसवून अर्धा तास आत ठेवले होते. टोपली एवढ्यासाठी, की तिचे पाय जमिनीने भाजू नयेत. ती धापा टाकत, पण धडधाकट बाहेर आली. माणसांच्या जिभेखालचा पारा 98 च्या आसपासच राहिला.

रॉयल सोसायटीच्या 1775 च्या खंडात ब्लॅग्डन यांनी हे सारे लिहून ठेवले आहे. मी शरीरशास्त्र शिकलेलो नाही. जुनी इंग्रजी नियतकालिके वाचण्याचा नाद तेवढा आहे. त्या नादात हा निबंध हाती आला आणि पुन्हा पुन्हा वाचताना माझे लक्ष अंड्यांवरून उडून मातीच्या दोन भांड्यांवर स्थिरावले. दोन्हींत पाणी होते, फक्त एकात थोडे मेणही टाकले होते. उकळबिंदूच्या कितीतरी वर तापलेल्या त्या खोलीत साधे पाणी उकळेचना, आणि मेणाचा तवंग धरलेले पाणी त्याच्यापेक्षा अधिक तापले. शेवटी पाण्यावर तेल सोडले, तेव्हा कुठे ते खळखळून उकळले. आपल्याकडे ज्याच्या घरात माठ आहे त्याला याचे कारण सांगायला नको. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जाते, आणि तवंगाने ती वाटच बंद होते.

बेंजामिन फ्रँकलिन यांनी 1758 मध्ये एका मित्राला लिहिलेल्या पत्रात हेच तत्त्व घामाला लावले होते. ब्लॅग्डन यांनाही बाष्पीभवनाचे महत्त्व मान्य होते, पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. उष्णता नष्ट करणारी काही स्वतंत्र शक्ती सजीव देहात असली पाहिजे, असे ते मानत राहिले. मला यात त्यांचा दोष वाटत नाही. मेंदूकडे बोट दाखवण्याची सोय त्या काळात नव्हती.

ती सोय व्हायला शंभरावर वर्षे लागली. 1885 च्या सुमारास बर्लिनमध्ये आरोन्सोन आणि साक्स यांनी सशांच्या मेंदूत सुई टोचली, तेव्हा त्यांचे अंग तापले. 1912 मध्ये हेन्री बार्बर यांनी आणखी नेमका प्रयोग केला. सशाच्या मेंदूत बारीक नळी बसवून तिच्यातून आळीपाळीने गरम आणि थंड पाणी खेळवले. मेंदू गरम केला की शरीर निवे, मेंदू गार केला की शरीर तापे! म्हणजे तिथे आपली राखणदारी करणारा कोणी बसला होता आणि बार्बर त्याला फसवत होते. 1938 मध्ये अमेरिकेत मॅगून व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या मेंदूतली ती जागा जवळजवळ निश्चित केली. हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग किंचित तापवला, की मांजर गार खोलीतही धापा टाके आणि त्याच्या पंज्यांच्या गाद्यांना घाम सुटे.

हा राखणदार हुकूम सोडतो, पण त्याच्या हाती उपाय मोजकेच आहेत. तो त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंद करतो, आतली उष्णता रक्ताबरोबर बाहेर आणतो आणि घाम सोडतो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मेख ‘उडाला तर’ या दोन शब्दांत आहे. निथळून जमिनीवर पडलेला घाम फुकट जातो.

फोर्डाइस यांना हे अनुभवाने ठाऊक असावे. कोरड्या खोलीच्या आधी त्यांनी जमिनीवर उकळते पाणी ओतून दमट केलेल्या खोल्यांतही स्वतःवर प्रयोग केले होते. तिथे पारा सुमारे 130 अंश फॅरनहाइटपर्यंतच गेला, म्हणजे कोरड्या खोलीच्या निम्म्यावर, तरी अंगावरून पाण्याच्या धारा लागल्या. प्रसिद्धी मात्र अंड्यांना मिळाली.

दमट हवेचा हिशेब मांडला जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी. कॉर्नवॉलमधल्या डॉलकोथच्या खोल खाणीत, आणि इतरत्रही, त्यांनी दोन थर्मामीटर घेऊन निरीक्षणे केली. एक साधा, दुसऱ्याच्या फुग्याला ओली चिंधी गुंडाळलेली. त्यांचा 1905 चा निष्कर्ष असा, की साध्या पाऱ्यावरून फारसे काही कळत नाही. वारा नसताना ओल्या फुग्याचा पारा 31 सेल्सिअसच्या वर गेला, की कमरेच्या वर उघड्या, स्वस्थ बसलेल्या माणसाचेही शरीर तापू लागते. काम करणाऱ्याची मर्यादा त्याहून खाली.

2010 मध्ये शेरवुड आणि ह्यूबर या हवामानशास्त्रज्ञांनी सिद्धान्तावरून ही मर्यादा 35 अंश सांगितली आणि जगभर तोच आकडा रूढ झाला. मग 2022 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या संशोधकांनी निरोगी तरुणांना तापत्या खोलीत बसवून, हलकी हालचाल करायला लावून प्रत्यक्ष मोजमाप केले. दमट हवेत त्यांचे शरीर सुमारे 31 वरच हार खाऊ लागले. दोन्ही प्रयोगांच्या अटी तंतोतंत सारख्या नाहीत, हे मान्य. तरीही 117 वर्षांपूर्वी खाणीतून वर आणलेला आकडा पुन्हा नव्याने शोधावा लागला, याची मला चुटपुट लागते.

विदर्भातला माणूस 45 अंशांतही कूलर लावून झोपतो, मुंबईत तोच कूलर नुसती ओल वाढवतो, हे आपण सगळे जाणतो. पण विदर्भातली लूही निरुपद्रवी नव्हे. शरीरापेक्षा गरम वारा अंगावर ब्लॅग्डन यांच्या भात्याचेच काम करतो, आणि घामाची भरपाई पाण्याने झाली नाही, तर रक्त कमी पडते. त्वचेकडे रक्त पाठवावे तर आतड्याला व मूत्रपिंडाला तुटवडा पडतो, आणि हृदय दोन्हीकडे धावून थकते. आतले तापमान 40 च्या पुढे गेले, की माणूस बरळू लागतो. त्याला सावलीत जा म्हणून सांगून उपयोग नसतो. त्याला उचलून न्यावे लागते, आणि रुग्णालयाची वाट न पाहता तिथेच अंगावर भरपूर गार पाणी ओतावे लागते.

16 एप्रिल 2023 रोजी नवी मुंबईत खारघरच्या उघड्या मैदानात लाखो माणसे भर दुपारपर्यंत उन्हात बसली होती. सरकारी आकड्यानुसार 14 जण उष्माघाताने दगावले. बातम्यांतून त्या दिवसाचे तापमान 38 अंश सांगितले गेले, आणि ‘एवढ्याशा उन्हात?’ असे विचारणारे लोक मला पुढे बरेच दिवस भेटत होते. तो 38 चा आकडा सावलीतल्या, साध्या पाऱ्याचा होता.