वर्णांचे वर्ग : पाणिनीपासून संगणकापर्यंत

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. संगणकाच्या विषयाकडे वळतोय तो एका जुन्या प्रश्नासाठी : वर्ग म्हणजे काय, आणि त्यात कोण बसतं हे कोण ठरवतं?

'रेग्युलर एक्स्प्रेशन' म्हणजे मजकुराचा साचा. 'चार आकडे, मग रेघ, मग दोन आकडे' असं वर्णन लिहून दिलं की संगणक हजारो पानांतून तशा जागा शोधतो. एखाद्या जागी कोणकोणती अक्षरं चालतील, ते चौकटी कंसात लिहितात. [कखग] म्हणजे या तिघांपैकी एक. [क-ह] म्हणजे क पासून ह पर्यंतचं कोणतंही एक. हा 'कॅरॅक्टर क्लास'. आपण त्याला वर्णवर्ग म्हणू.

आता पाणिनीकडे बघा. त्याच्या व्याकरणात वर्ण एका ठरावीक क्रमानं मांडलेत. सुरुवातीचा वर्ण आणि शेवटची खूण सांगितली की मधला गट हाती येतो. यालाच प्रत्याहार म्हणतात. अच् म्हणजे सगळे स्वर, हल् म्हणजे सगळी व्यंजनं. इक् म्हणजे इ, उ, ऋ, ऌ; यण् म्हणजे य, व, र, ल. पुढे वेगळा स्वर आला की इक्‌च्या जागी यण् येतो. प्रति अधिक एक, प्रत्येक. चार नियमांचं काम एका नियमात झालं. म्हणून 'संगणक आपल्याकडे आधीच होता' असं मात्र म्हणू नका. पाणिनीला शब्द घडवायचे होते, यंत्राला ते शोधायचे असतात. साम्य एवढंच की क्रम हाताशी असला तर वर्ग थोडक्यात सांगता येतो. आणि तो क्रम पाणिनीय परंपरेनं कामासाठी मुद्दाम लावला. त्यात ह तर दोनदा येतो!

आधुनिक कथा थोडक्यात सांगतो. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ स्टीफन क्लेनी यांनी १९५१ साली या साच्यांचं गणित मांडलं, ते १९५६ मध्ये छापून आलं. १९६८ मध्ये केन थॉम्प्सन यांनी ते मजकूर शोधायच्या कामाला जुंपलं. पुढे युनिक्समध्ये 'ग्रेप' नावाची आज्ञा आली. या मंडळींच्या हाताशी 'आस्की' ही १९६३ ची संकेतावली होती. तीत इंग्रजी अक्षरं ए पासून झेडपर्यंत ओळीनं बसलेली. त्यामुळे 'ए ते झेड' म्हटलं की काम भागायचं.

देवनागरीला १९९१ साली युनिकोडमध्ये जागा मिळाली, भारतीय 'इस्की'च्या मांडणीवरून. त्यात काना, मात्रा, हलन्त यांना स्वतंत्र क्रमांक आहेत. ज्ञ ला मात्र नाही. तो ज, हलन्त आणि ञ मिळून होतो. आता कुणी शाळेतली वर्णमाला आठवून [क-ज्ञ] असं लिहिलं, तर यंत्र काय वाचतं? क पासून ज पर्यंतची आठ अक्षरं, एक हलन्त आणि एक ञ. बस्स. आपल्या 'सरळगाव'मधला फक्त ग त्यात बसतो. 'डोळखांब'मधला फक्त ख.

पायथन भाषेत 'शब्दातलं अक्षर' असा तयार वर्ग आहे. त्यातून 'मुरबाड' काढलं तर 'म', 'रब', 'ड' असे तीन तुकडे पडतात. 'शहापूर'चे 'शह', 'प', 'र'. कारण त्या वर्गात अक्षरं आणि आकडे आहेत, पण उकार आणि काना बाहेर ठेवलेत.

आपला मुलूख डोंगरदऱ्यांचा. 'दऱ्या' हा शब्दसुद्धा दोन रीतींनी साठवला जातो : एकीत ऱ हे स्वतंत्र अक्षर, दुसरीत र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण तो जोडक देवनागरीच्या १२८ जागांच्या पट्ट्यात नाही. म्हणजे सगळा पट्टा वर्गात घेतला तरी तो बाहेरच राहतो. आणि जोडक काढून टाकला, तर दऱ्यांचा 'दर्या' होतो, म्हणजे समुद्र!

आकड्यांचीही तीच गत. मुरबाडकडून नाणेघाट चढून गेलात तर माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. यज्ञात दिलेल्या गाई, घोडे, नाणी यांच्या संख्या त्यात कोरल्यात. आकड्यांची रूपं बदलत आली, संख्या तीच राहिली. पण जावास्क्रिप्टच्या 'आकडा' या वर्गात फक्त इंग्रजी आकडे आहेत, पायथनच्या वर्गात देवनागरीही आहेत. तुमचा '७/१२' एका दारातून आत जातो, दुसऱ्या दारात अडतो.

न्यायदर्शनात जाती आणि उपाधी असा भेद आहे. गोत्व ही जाती, ती वस्तूतच असते. उपाधी म्हणजे आपण लावलेली ओळख. 'स्वयंपाकी' ही उपाधी. वर्णवर्ग ही शुद्ध उपाधी आहे, कुणीतरी आपल्या गरजेपुरती आखलेली. पण अर्जावर 'नाव अवैध आहे' अशी पाटी झळकते तेव्हा समोरच्या बाईला वाटतं की आपल्या नावातच काही खोट आहे. खोट नावात नसते, कंसात असते.

म्हणून इथल्या ज्या मुलामुली प्रोग्रामिंग शिकतायत त्यांना एवढंच सांगेन : कंस लिहिलात की त्यातून किन्हवली, म्हसा, टोकावडे, डोळखांब ही नावं एकदा काढून बघा. त्यांतलं एक जरी अडलं, तरी नाव बदलू नका, कंस बदला.