कन्स्ट्रक्टरचे कूळ आणि त्याची हद्द

वेबपानावर आज आपण जे छोटे, स्वयंपूर्ण घटक रचतो त्यांच्या कन्स्ट्रक्टरचे मूळ शोधीत गेल्यास, ते ऑस्लोच्या नॉर्वेजियन संगणन केंद्रात ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड यांनी सिद्ध केलेल्या सिम्युला भाषेच्या १९६७ सालच्या आवृत्तीपाशी जाऊन पोहोचते. तीत ‘न्यू’ म्हणताच वस्तू निर्माण होई आणि वर्गात लिहिलेल्या आज्ञा तिच्या नावे ओळीने अंमलात येत. जन्मविधीचे निराळे खाते नव्हते.

ते निर्माण केले केंब्रिजला सिम्युला वापरलेल्या बियार्न स्ट्रॉस्ट्रुप यांनी. बेल प्रयोगशाळेत १९७९ पासून सी भाषेला वर्गांची जोड देताना त्यांनी या कामासाठी स्वतंत्र फंक्शनची तजवीज केली. पुढे सी++ मध्ये त्याला वर्गाचेच नाव मिळाले. वस्तू कोणाच्याही हाती पडण्यापूर्वी तिची अंतर्गत व्यवस्था पुरी लागलेली असावी, आणि ही जबाबदारी वापरणाऱ्याच्या स्मरणावर न सोडता भाषेनेच पत्करावी, हा त्यामागील विचार मला या साऱ्या परंपरेतील सर्वांत मोलाचा वाटतो.

ब्रेंडन आइक यांच्या १९९५ च्या जावास्क्रिप्टमध्ये वर्ग नव्हतेच. साध्या फंक्शनमागे ‘न्यू’ उभे केले की काम भागे. वर्गाची मांडणी आणि ‘कन्स्ट्रक्टर’ ही पद्धत २०१५ च्या मानकाने आली.

अ‍ॅलेक्स रसेल यांनी २०११ मध्ये वेब कंपोनंटची कल्पना मांडली, तेव्हा अर्थातच ही सोय नव्हती. तिचाच भाग असलेल्या कस्टम एलिमेंटच्या, म्हणजे लेखकाने स्वतः नाव दिलेल्या टॅगच्या, पहिल्या मसुद्यात ब्राउझर घटक स्वतः घडवी आणि मग ‘क्रिएटेडकॉलबॅक’ला वर्दी देई, २०१६ मध्ये क्रोममध्ये उतरलेल्या सुधारित आवृत्तीने मात्र खरा कन्स्ट्रक्टर लेखकाच्या स्वाधीन केला, पण त्याची मुखत्यारी आखडूनच.

‘तिथी-फलक’ नावाचा घटक घ्या. त्याच्या कन्स्ट्रक्टरने प्रथम ‘सुपर’ला रिकाम्या हाताने बोलवावे, मग शॅडो रूट, म्हणजे घटकाच्या खासगी अंतर्गत रचनेचे मूळ, जोडावे, आरंभीची मूल्ये भरावीत आणि थांबावे. ‘क्रिएटएलिमेंट’ने मागविलेल्या घटकाला कन्स्ट्रक्टरने परस्पर अ‍ॅट्रिब्यूट किंवा अपत्य जोडले, तर ब्राउझर त्रुटी नोंदवून तो नाकारतो. अ‍ॅट्रिब्यूट वाचण्याचा घोटाळा त्याहून कपटी आहे: टॅग पानात आधी आणि स्क्रिप्ट मागाहून आली, तर कन्स्ट्रक्टर चालतेवेळी तारखेचे अ‍ॅट्रिब्यूट हजर असते व सारे सुरळीत दिसते; पण स्क्रिप्ट आधी पोहोचली, तर पार्सर घटक प्रथम घडवितो आणि अ‍ॅट्रिब्यूट नंतर चढवितो, म्हणून तोच कोड रिकामी तारीख वाचतो. यास्तव ते वाचन घटक पानात जोडला जाताच चालणाऱ्या ‘कनेक्टेडकॉलबॅक’कडे सोपवावे. मात्र घटक एका जागेवरून काढून दुसरीकडे ठेवला, की ही पद्धत पुन्हा चालते. तेव्हा शॅडो रूट उभारण्यासारखे एकदाच करावयाचे काम कन्स्ट्रक्टरकडेच राहू द्यावे, आणि पानाच्या खिडकीवर लावलेले लिसनर घटक पानातून निघताच चालणाऱ्या ‘डिस्कनेक्टेडकॉलबॅक’मध्ये न चुकता उतरवावेत.