लेहमधले घर : माती, पाणी आणि जमिनीचा हक्क

लडाखच्या सहलीचे फोटो आपल्या गटांत दरवर्षी फिरतात. गोंपा, स्तूप, पांगाँग सरोवर दिसते. पण तिथला माणूस घर कसे बांधतो आणि त्या घराखालची जमीन कोणाच्या भरवशावर आहे, हे फारसे कोणी विचारत नाही. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

हवामान आणि घर

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. वर्षाचा पाऊस सरासरी १०० मिलीमीटरच्या आसपास, आणि हिवाळ्यात पारा उणे २० अंशांपर्यंत उतरतो. हे थंड वाळवंटच. पारंपरिक घराचा पाया दगडाचा आणि भिंती उन्हात वाळवलेल्या मातीच्या विटांच्या असतात. छतावर पॉपलरची तुळई, त्यावर विलोच्या काटक्या, गवत आणि मातीचा थर. आपल्या मराठवाड्यातल्या माळवदाची आठवण यावी असेच. जाड भिंती दिवसभराचे ऊन साठवून रात्री ऊब देतात. वरच्या मजल्यावर चोखांग, म्हणजे बुद्धाच्या पूजेची खोली असते.

संडास कोरडा असतो. मैल्यावर माती आणि राख टाकतात. त्याचे सोनखत होते आणि परंपरेने घरचीच माणसे ते शेतात नेतात. मैला वाहण्याचे काम जातीवर लादले गेलेल्या समाजातून आलेल्या आम्हाला ही गोष्ट मोलाची वाटते.

सिमेंट आणि पाणी

१९७४ साली लडाख पर्यटकांसाठी खुले झाले. पुढे हॉटेले वाढली, फ्लशचे संडास आले, बोअरवेल आल्या. पण लेहचे पाणी मुख्यतः बर्फ आणि हिमनद्यांच्या वितळण्यावर अवलंबून आहे. काँक्रीटचे घर तापवायला इंधनही जास्त लागते.

५ ऑगस्ट २०१० च्या रात्री ढगफुटी झाली. लेह आणि चोगलमसर परिसरात २०० हून अधिक माणसे गेली. ओढ्यांच्या वाटेवरची वस्ती चिखलाखाली गेली. त्यानंतर मातीच्या घरांवरचा अनेकांचा विश्वास डळमळला. आमच्या मते खरा धडा जागेचा आहे : पाण्याच्या वाटेत घर नको, मग ते मातीचे असो की सिमेंटचे. फे गावाजवळच्या सेकमोल संस्थेच्या इमारती मातीच्याच आहेत. दक्षिणेकडच्या मोठ्या काचांतून येणाऱ्या उन्हावर त्या हिवाळ्यातही उबदार राहतात.

परवाना वेगळा, हक्क वेगळा

पर्यटकाला सीमाभागात जाण्यासाठी लागणारा परवाना फक्त फिरण्यापुरता असतो. जमिनीचा प्रश्न निराळा. कलम ३५अ असताना जम्मू-काश्मीर राज्यात, म्हणजे लडाखमध्येही, जमीन घेण्याचा हक्क राज्याच्या कायम रहिवाशांपुरता होता. ऑगस्ट २०१९ मध्ये ते कवच गेले. ३१ ऑक्टोबर २०१९ पासून लडाख विधानसभा नसलेला केंद्रशासित प्रदेश आहे. जून २०२५ च्या नियमांनी नोकऱ्यांतील आरक्षण आणि अधिवासाचा प्रश्न हाताळला. जमिनीच्या संरक्षणाची मागणी मात्र उरली.

म्हणूनच तिथले लोक सहावी अनुसूची मागतात. या अनुसूचीखाली आसाम, मेघालय, त्रिपुरा आणि मिझोराममधील स्वायत्त जिल्हा परिषदांना जमीन, जंगल आणि रूढींबाबत कायदे करता येतात. ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते, तिने मांडलेल्या संविधानातलीच ही तरतूद आहे. महाराष्ट्रातही जमीन महसूल संहितेचे कलम ३६अ आदिवासींची जमीन सहजासहजी बिगर-आदिवासींच्या हाती जाऊ देत नाही. लडाखची बहुसंख्य जनता अनुसूचित जमातीची आहे. तिची मागणी जगावेगळी नाही.

ही मागणी केवळ बौद्धांचीही नाही. बौद्धबहुल लेहची अपेक्स बॉडी आणि मुस्लिमबहुल कारगिलची डेमोक्रॅटिक अलायन्स ती एकत्र मांडतात. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये याच आंदोलनाला हिंसक वळण लागून चार जणांचे प्राण गेले.

आपण काय करावे?

लेहला जरूर जा, पण पाहुणे म्हणून. स्थानिक कुटुंबाच्या घरी उतरा, पाणी जपून वापरा, कोरड्या संडासाला नाक मुरडू नका. परत आल्यावर फोटोंबरोबर सहाव्या अनुसूचीबद्दलही बोला. भूमिहीनतेचे चटके आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसले आहेत. जमीन हातची गेली की काय होते, हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.